वाळूचे फोटो आणि खडिनातला गहू

वाचकहो, रजा टाकून, पदरचे पैसे खर्चून वाळवंट पाहायला गेलेला माणूस तुमच्या पाहण्यात आहे काय? नसेल तर मला पाहून घ्या. गेल्या जानेवारीत मी राजस्थानात जैसलमेरला जाऊन आलो, आणि तेही फोटो काढायला. घरात हा विषय काढला तेव्हा आमच्या सौभाग्यवती भाकरी थापीत होत्या. परातीतला हात न थांबवता त्यांनी विचारले, "अहो, आपल्या माळावर काय कमी फुफाटा आहे, म्हणून तो बघायला एवढ्या लांब जायचं?" प्रश्न बिनतोड होता. माणदेशातल्या माणसाने ओसाड रान बघायला आगगाडीचे तिकीट काढावे, हे ऐकून कोणालाही हसूच येणार.

पण त्याचे असे आहे. शेतीखात्याच्या नोकरीत लागलो तेव्हापासून माझ्या गळ्यात कॅमेरा आहे. ज्वारीची काणी, बोंडातली अळी, डाळिंबावरचा तेल्या, बांधबंदिस्तीच्या आधीचे रान आणि नंतरचे रान, असे फोटो हजारांनी काढले असतील. सुरुवातीच्या वर्षांत चावडीच्या भिंतीवर पांढरे धोतर ताणून त्यावर स्लाइडी दाखवीत असे. वीज गेली की पोरे आरडाओरडा करायची आणि म्हातारी मंडळी निघून जायची. ही सगळी चित्रे कामाची. प्रत्येकाच्या मागे तारीख, गट नंबर आणि शेरा. नोकरीची थोडी वर्षे उरली, तेव्हा मनात आले की एकदा तरी असा फोटो काढावा, ज्याच्या मागे शेरा लिहावा लागणार नाही. वाळूच्या टेकड्या लहानपणापासून कॅलेंडरवर पाहिल्या होत्या. म्हटले, त्याच पाहू.

सोबत पुतण्या होता. थोरल्या भावाचा मुलगा, वय अठ्ठावीस, घरची शेती आता तोच पाहतो. त्याच्या येण्याचे कारण मात्र वाळू नव्हती. घरच्या दोन बोअरी आटल्या आहेत. तिसरी हजार फुटांपर्यंत न्यायची, त्यासाठी कर्ज काढायचे, आणि त्या कागदावर माझी सही हवी होती. "परत आल्यावर बघू," असे मी म्हणालो. पोरगा हुशार. म्हणाला, "मग मी पण येतो काका. गाडीत बोलू."

पुण्याहून जोधपूरला पोचलो. तिथे वाळवंटी शेतीवर संशोधन करणारी मोठी संस्था आहे. तिला सगळे काजरी म्हणतात. १९५२ मध्ये वाळवंटात झाडे लावण्याचे केंद्र म्हणून ती सुरू झाली आणि १९५९ पासून आजच्या नावाने चालते. अर्धा दिवस तिथे घालवला. उडती वाळू थोपवायची त्यांची रीत साधी आहे. वाळलेल्या झुडपांच्या फांद्या वाळूत रोवून चौकटी करायच्या, म्हणजे जमिनीलगतचा वारा मोडतो; मग त्या चौकटींत गवत आणि झाडे लावायची. पुतण्याने सगळे ऐकून घेतले आणि बाहेर आल्यावर बोअरचा विषय काढला. मी खेजडीचे झाड दाखवून वेळ मारून नेली.

खेजडी म्हणजे आपली शमी. काही ठिकाणी आपण तिला सौंदड म्हणतो. दसऱ्याला पूजा करून आपण मोकळे होतो. तिकडे मात्र हे घरचे झाड आहे. पाला शेळ्या-उंटांना, शेंगांची भाजी, आणि मुळे इतकी खोल की सावलीतले बाजरीचे पीक तिच्याशी भांडत नाही, उलट जोमाने येते. जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० मध्ये राजाची माणसे ही झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागून बिश्नोई समाजाच्या माणसांनी झाडांना मिठ्या मारल्या. ३६३ जणांनी प्राण दिले. आज राजस्थानचा राज्यवृक्ष हाच आहे.

जोधपूरहून पश्चिमेला निघाले की झाडे विरळ होत जातात. आणि इथे आमची पहिली समजूत खोटी ठरली. वाळवंट म्हणजे जिकडेतिकडे वाळू, असे आपल्याला वाटते. जैसलमेरच्या आसपास प्रत्यक्षात मैलोगणती दगडगोट्यांचा माळ आहे. पिवळसर खडक, त्यावर खडे, मधूनच एखादे खुरटे झुडूप. पुतण्या खिडकीतून बराच वेळ बघत होता. म्हणाला, "काका, ह्यापेक्षा आपला माळ बरा." हा माळ नीट लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

जैसलमेरचा किल्ला ११५६ मध्ये रावळ जैसलने बांधायला घेतला. पिवळ्या दगडाचा, संध्याकाळी ऊन पडले की खरोखर सोन्यासारखा दिसतो. आतमध्ये आजही कुटुंबे नांदतात. पूर्वी तिथल्या बायका खालून घागरीने पाणी वाहायच्या. घरोघर नळ आले, सोय झाली, पण त्या सांडपाण्याचा निचरा करायची व्यवस्था जुन्या किल्ल्यात नव्हती. पाणी पायात मुरले आणि बुरूज खचू लागले. आठशे वर्षे पाण्यावाचून उभ्या राहिलेल्या भिंतीला पाण्याने धोका झाला, हे ऐकून आम्हा दोघांनाही नवल वाटले.

वाळूच्या टेकडीला तिकडे धोरा म्हणतात. जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवर सम नावाचे गाव आहे, तिथले धोरे प्रसिद्ध. पहिल्या संध्याकाळी तिथे गेलो आणि पस्तावलो. जत्रा हो! तंबूंची रांग, कर्ण्यावर गाणी, धोऱ्यांवरून उड्या मारणाऱ्या जीपगाड्या, आणि वाळूत अर्धवट पुरलेल्या पाण्याच्या बाटल्या. फोटो काढायला कॅमेरा उचलला की कोपऱ्यात कोणाचा तरी उंट किंवा कोणाची तरी मावशी यायचीच. आमच्या जीपचा चालक तिथलाच, पंचविशीतला, अबोल मुलगा. माझा चेहरा बघून म्हणाला, "साहेब, उद्या पहाटे खुडीच्या बाजूला नेतो. तिथे माणूस दिसणार नाही." (त्याचे बोलणे हिंदी-मारवाडी होते, मी आपल्या भाषेत देतो.)

पहाटे थंडी अशी की कॅमेऱ्याचे बटण बोटाला लागेना. सूर्य तिकडे आपल्यापेक्षा उशिरा उगवतो, साडेसाताच्या सुमाराला. तोपर्यंत आम्ही एका मोठ्या धोऱ्याच्या पायथ्याशी जाऊन बसलो होतो. मग ऊन आले. ते आडवे, जमिनीलगत सरपटत आले आणि वाळूवरची एकेक लाट उठून दिसायला लागली. दर लाटेची एक बाजू पिवळी, एक काळी. नुकतीच कुळवाची पाळी दिलेले रान सकाळच्या उन्हात बघा, तसे. आपण ते रोज बघतो म्हणून फोटो काढत नाही, इतकेच.

धोऱ्याचा घाट समजून घेतला तर फोटो चांगला येतो, हे मी तिथे शिकलो. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू लांबट उताराची. दुसरी बाजू एकदम तुटल्यासारखी. वाळूचे बहुतेक कण वाऱ्याबरोबर आकाशात उडत नाहीत. ते टुणटुण उड्या मारीत जातात, आणि तेही गुडघ्याच्या खालीच. माथ्यावर पोचले की पलीकडे घरंगळतात. त्या पडत्या बाजूचा उतार ३२ ते ३४ अंशांच्या आसपास राहतो. त्याहून चढा झाला की वाळू आपोआप ढासळते. खळ्यावर ज्वारीची रास ओतताना ती ठरावीक चढापर्यंत उभी राहते आणि मग बाजूला पसरते, तोच हिशेब. फोटो काढायचा तो या दोन उतारांच्या मधल्या धारेचा. ती धार कोणी तुडवलेली नसावी. म्हणून आधी फोटो, मग चालणे. आम्ही पहिल्या धोऱ्यावर नेमके उलटे केले.

आता तुमच्या घरातही मोबाइल आहे आणि त्यात कॅमेरा आहे, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. पांढरट वाळू, कापसाचे वेचणीला आलेले रान किंवा ज्वारीची रास समोर असली की कॅमेरा फसतो. उजेड फार आहे असे समजून तो चित्र काळपट काढतो. अशा वेळी त्याला थोडा जास्त उजेड द्यावा. मोबाइलमध्ये पडद्यावर बोट ठेवून वर सरकवले की होते. आणि दुपारी बारा वाजता फोटो काढू नये. उभ्या उन्हात ना वाळूला आकार राहतो ना पिकाला.

त्या सकाळी साठ-सत्तर फोटो काढले. एक किडा रात्रभर चालला असावा. त्याच्या पायांची शिलाईसारखी बारीक ओळ धोऱ्याच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत गेली होती आणि तिथेच संपली होती. पुढे काय झाले असेल, पक्ष्याने उचलले की वाळूत बुडी मारली, कोण जाणे. तो फोटो मला सगळ्यांत आवडतो.

नऊच्या सुमाराला वारा सुटला आणि माझ्याकडून चूक झाली. लांबचे दिसावे म्हणून कॅमेऱ्याचे भिंग बदलायला मी तिथेच पिशवी उघडली. पाठ वाऱ्याकडे केली होती, पण वाळूला पाठ कळत नाही. एक झोत आला. भिंगाचे कडे फिरवले तर आत कर्रर्र! दुसरे भिंगही तसेच. तीस वर्षे शेतकऱ्यांना फवारणीचा पंप कसा जपावा हे शिकवणारा मी, कॅमेरा घेऊन भर वाळूत बसलो. पुतण्या हसला नाही, त्याचे हे मला फार बरे वाटले.

जीपचालक म्हणाला, "साहेब, यंत्राला विसावा द्या. माझं गाव इथून जवळ आहे. जेवून जा."

गाव म्हणजे वीस-पंचवीस घरे, दगडी, बुटकी. चालकाचे आजोबा ओसरीवर बसले होते, सत्तरीच्या पुढचे. सगळे त्यांना बाबोसा म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. "राम राम सा" झाले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पावसाचा. तुमच्याकडे किती पडतो? मी म्हणालो, आमचा भाग दुष्काळी आहे, जेमतेम चारपाचशे मिलिमीटर. बाबोसांनी नातवाकडून ते इंचांत करून घेतले आणि माझ्याकडे असे पाहिले, की एखाद्या बागाईतदाराने आपल्या गरिबीचे रडगाणे गावे. त्यांच्याकडे चांगल्या वर्षी दीडदोनशे पडतो. सगळा मिळून पाच-सहा दिवसांत.

जेवायला बाजरीची भाकरी, वर तुपाची धार, लसणाची लाल चटणी, ताक, आणि केर-सांगरीची भाजी. सांगरी म्हणजे त्या खेजडीच्या कोवळ्या शेंगा, उकडून वाळवलेल्या. केर म्हणजे आपल्याकडे काही भागांत नेपती म्हणतात त्या काटेरी झुडपाची फळे. दोन्हीला पाणी लागत नाही, खत लागत नाही, आणि दुष्काळात तेच घर चालवते. मी तिसरी भाकरी घेतली.

जेवण झाल्यावर बाबोसा म्हणाले, चला, गहू दाखवतो. मला वाटले, माझ्या ऐकण्यात चूक झाली. बाहेर तोच दगडगोट्यांचा माळ. दहा मिनिटे चाललो. माळ हळूहळू उतरत होता. एका लांबट मातीच्या बांधावर चढलो, आणि वाचकहो, खाली हिरवागार गहू! गुडघ्याएवढा, रसरशीत. पलीकडे फुलावर आलेला हरभरा, कडेला मोहरी. विहीर दिसेना, मोटार दिसेना, पाट दिसेना. मी गव्हात उतरलो, टीचभर खोल माती उकरली, मूठ आवळली. लाडू वळला. जानेवारीचा मध्य, शेवटचा पाऊस सप्टेंबरातला, आणि जमिनीत एवढी ओल.

याला खडीन म्हणतात. जैसलमेर भागात पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकाच्या सुमारास ही पद्धत बसवली असे मानतात. जिल्ह्यात लहानमोठे मिळून पाचशेच्या आसपास खडीन मोजले गेले आहेत. घाट असा : वर खडकाळ उताराचा मोठा माळ, खाली खोलगट सपाट जमीन, आणि तिच्या खालच्या अंगाला आडवा मातीचा बांध. पाऊस आला की खडकावर पाणी थांबत नाही, सगळे धावत खाली येते, सोबत बारीक गाळ आणते आणि बांधाला तटून उभे राहते. जादा झालेले पाणी दगडी सांडव्यातून निघून जाते. सांडव्याला ते नेष्टा म्हणतात. साचलेले पाणी ऑक्टोबरापर्यंत मुरते. उरलेच तर बांधाच्या तळाशी ठेवलेल्या मोरीतून सोडून देतात. त्या पाण्याबरोबर जमिनीतले क्षारही धुऊन जातात, म्हणून शेकडो वर्षे पिकूनही ती जमीन चोपण झालेली नाही. मग गहू, हरभरा पेरायचा. पुढे पाण्याचा थेंब द्यायचा नाही. खत म्हणजे दर साली येणारा गाळ. बांधाच्या खाली एक आड असतो. मुरलेले पाणी त्यात गोड होऊन उतरते. ते प्यायला.

बांधावर बसून मी काडीने मातीत हिशेब मांडला. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. एक हेक्टर खडिनाला वरचा माळ पंधरा हेक्टर धरा; जुन्या खडिनांचे प्रमाण साधारण बाराला एक ते पंधराला एक असतेच. त्या माळावरून वर्षात नुसते २० मिलिमीटर पाणी वाहून आले, तरी खालच्या एका हेक्टरात ३०० मिलिमीटर उभे राहते. त्यावर प्रत्यक्ष पडलेला पाऊस वेगळा. म्हणजे दीडशेच्या मुलखात त्या शेताला मिळाला आमच्या माणदेशाएवढा पाऊस.

"पाऊस नाही झाला त्या वर्षी?" पुतण्याने विचारले.

"त्या वर्षी पेरायचं नाही," बाबोसा म्हणाले. "ओल बघून पेरतो. निम्मी ओल, निम्मं रान. काहीच नसलं तर कणगीतलं खायचं, नि गुरं घेऊन नहराकडं जायचं."

एवढे बोलून ते वरच्या माळाकडे बघत राहिले. लांबवर पवनचक्क्या फिरत होत्या आणि माळावरून नवे रस्ते गेले होते. त्यांची काळजी तिथे होती. कागदावर तो माळ पडीक आहे, आणि पडीक म्हटले की कोणालाही देता येतो. रस्त्याचा भराव आडवा आला की पाणी दुसरीकडे वळते. "लोक म्हणतात, दगडच तर आहेत," ते म्हणाले. "त्या दगडांवरच आमचा गहू पिकतो."

पुतण्या उठला आणि बांधावरून पावले मोजीत चालू लागला. टोकापर्यंत गेला, सांडव्याचे दगड हाताने चाचपून आला. मग माझ्याशेजारी उभा राहून हळूच म्हणाला, "काका, हे आपल्या आंब्याच्या तालीगत हाय की."

मी काही बोललो नाही. ताल म्हणजे काय हे आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. ओघळीला आडवी दगडमातीची भिंत घालायची, तिच्यामागे गाळ साचू द्यायचा. त्या भिंतीलाही ताल म्हणतात आणि तिच्यामागे तयार झालेल्या रानालाही. आमच्या आजोबांनी आंब्याच्या झाडाजवळ अशी एक ताल घातली होती. तिच्यात शाळू व्हायचा, हरभरा व्हायचा, आणि ती ताल १९९६ मध्ये मोडली कोणी? मीच. नवा नवा अधिकारी होतो. वाकडातिकडा बांध, मध्ये उंचवटे, ट्रॅक्टर फिरत नाही. यंत्र लावून रान एकसारखे केले, बोअर पाडली, ठिबकवर डाळिंब लावले. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढले आणि त्यांच्या स्लाइडी करून पंधरा-वीस गावांत दाखवल्या. "घरच्या शेतात करून मग सांगतोय," असे म्हणायचो. लोक माना डोलवायचे. २००३ च्या दुष्काळात ती बोअर आटली, बागेवर कुऱ्हाड चालवावी लागली. दुसरी बोअर २०१२ च्या उन्हाळ्यात गेली. त्या वर्षी आमची जनावरे छावणीत होती. माझे ऐकून आणखी कोणी ताली मोडल्या, ते मी कधी विचारायला गेलो नाही.

हे सगळे पुतण्याला ठाऊक होते. त्याने ते बोलून दाखवले नाही, नुसती ताल म्हणाला.

उरलेल्या दोन दिवसांचे फोटो त्याच्या मोबाइलवर काढले. कुलधरा पाहिले, पालीवालांचे ओस गाव. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते गाव सोडून गेले. सालिमसिंग नावाच्या दिवाणाच्या जाचाला कंटाळून चौऱ्याऐंशी गावे एका रात्रीत उठली, अशी कथा तिथला प्रत्येक वाटाड्या सांगतो. अभ्यासकांचे म्हणणे असे की जुलूम होताच, पण पाणीही आटत आले होते. रस्ते सरळ, घरे नेटकी, छपरे गेलेली. भुताच्या गोष्टी सांगून तिकीट विकणे मला आवडले नाही.

बेरी मात्र पाहण्यासारखी. वाळूत खोदलेली अरुंद तोंडाची, फार तर चार-सहा पुरुष खोल विहीर. खालचे खोल पाणी खारट असते. पण वाळू आणि खारे पाणी यांच्यामध्ये कुठे कुठे जिप्समचा नाहीतर मुलतानी मातीचा थर असतो. पावसाचे पाणी वाळूतून झिरपून त्या थरावर अडकते. बेरी थराच्या वरच थांबवायची, तो फोडायचा नाही. पाण्याला तिकडे तीन नावे आहेत : वरून पडते ते पालर, पाताळातले ते पाताल, आणि या दोहोंमधले अडकलेले ते रेजाणी. अनुपम मिश्र यांनी १९९५ मध्ये राजस्थानच्या पाण्यावर पुस्तक लिहिले, त्यात हे सगळे आहे. हिंदी वाचणाऱ्यांनी जरूर मिळवावे. हाच थर उलटतोही. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात मुसळधार पाऊस झाला, कवास गाव बुडाले, आणि पाणी खाली मुरायला वाट नसल्याने कित्येक महिने तिथेच उभे राहिले.

इंदिरा गांधी कालव्याबद्दलही लिहायला हवे. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यातून १९५८ पासून खोदत खोदत आणलेला हा कालवा १९८७ च्या सुरुवातीला जैसलमेर जिल्ह्यातल्या आपल्या टोकाला पोचला. त्याने वाळूत गावे वसवली, हे खरेच. बाबोसांचा एक मुलगा तिकडेच शेती करतो. पण गंगानगर-हनुमानगढ भागात सढळ हाताने पाणी दिलेल्या जमिनी पाणथळ आणि खारट झाल्या. त्याला ते सेम म्हणतात. कृष्णाकाठच्या क्षारपड रानांतल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको.

माळढोक दिसला नाही. तिथल्या मरू राष्ट्रीय उद्यानात तो आहे. साऱ्या देशात मिळून आता दीडशेसुद्धा उरलेले नाहीत. आपल्या नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य केले, तिथेही आता तो दिसणे नशिबाचे झाले आहे. आम्ही दोन तास सेवण गवताकडे बघत बसलो. गवताचा फोटो आहे.

परतीच्या गाडीत पुतण्याने बोअरचे नाव काढले नाही. वहीच्या मागच्या पानावर आमच्या ओघळीचा नकाशा काढीत बसला. मीच त्याला अडवले. म्हटले, बाबा, खडीन उचलून आणता येत नाही. त्यांच्याकडे वर खडक आहे आणि मालक एकच गाव आहे. आपल्याकडे ओघळीच्या वर चार भाऊबंद आहेत, पाणी कमी-जास्त झाले की उद्या तंटा. आपला पाऊस एका रात्रीत चार इंच पडतो; सांडवा कमी ठेवला तर पहिल्याच पावसाला ताल फुटेल आणि खालच्याचे रान घेऊन जाईल. आधी सांडवा, मग ताल. तो म्हणाला, "मग तुम्ही आखून द्या."

घरी थोरल्या भावापुढे विषय निघाला. दादा सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "मोडली पण तूच, आता बांध पण तूच म्हणतोस?" मला उत्तर नव्हते. वहिनींनी चहा आणला म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी दादा स्वतःच आंब्याखाली जाऊन जुन्या तालीचा पाया कुठे होता ते काठीने दाखवीत होते. माझ्यापेक्षा त्यांनाच नीट आठवत होते.

सध्या दोनशे फूट ताल उभी राहिली आहे. माती ट्रॅक्टरने ओढली, दगड जुनेच सापडले. लेव्हल करताना मी ते कडेला ढकलून दिले होते, ते बाभळीखाली तसेच पडले होते. बोअरच्या कर्जाचा कागद कपाटात आहे. त्यावर मी सही केलेली नाही आणि पुतण्याने तो फाडलेलाही नाही.

कॅमेरा दुरुस्त होऊन आला. एक भिंग वाचले, एक गेले. किड्याच्या पावलांचा फोटो मोठा करून ओसरीत लावला आहे. येणारा जाणारा विचारतो, ही कसली शिलाई? जुन्या स्लाइडींचा डबाही त्या निमित्ताने काढला. तालीच्या त्या दोन स्लाइडी अजून शाबूत आहेत, मागे माझ्याच अक्षरात "आधी" आणि "नंतर" असे लिहिलेले. पाऊस झाला की त्याच जागेवर उभे राहून तिसरा फोटो काढणार आहे. पण आधी सांडव्याचे काम पुरे करायचे आहे. दगडाचे दोन थर कमी पडतात, गवंडी लग्नसराईत अडकला आहे, आणि रोहिणी निघायला आठच दिवस आहेत.